न्यायालयाचा निरोप्या
(मंडळाच्या हिंजवडी येथील वार्षिक मेळाव्यात एका सेवानिवृत्त बेलिफांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर आपण डॉक्टरांची, अभियंत्यांची, प्राध्यापकांची आणि उद्योजकांची व्याख्याने ऐकलीत. त्यांच्या पंक्तीला मजसारख्या एका निवृत्त बेलिफाला बसवावे असे चिटणीसांच्या मनात का आले, हे मला सांगता येणार नाही. डॉक्टर दारी आला तर घराला धीर येतो. बेलिफ दारी आला तर घरातला धीर जातो. माझ्या विवाहाच्या वेळची गोष्ट सांगतो. वडिलांबरोबर मी मुलगी पाहावयास गेलो. खांद्यावर सवयीने कचेरीची पिशवी होती. ओसरीवर बसलेल्या वृद्ध आजोबांनी ती पाहिली आणि पाण्याचा तांब्या पुढे करण्याआधीच विचारले, "कोणाच्या नावचे आहे?" लग्न जमले, परंतु तो प्रश्न बत्तीस वर्षे माझ्या मागे लागून राहिला. १९८४ साली मी सेवेत रुजू झालो आणि २०१६ साली निवृत्त झालो. या काळात जे पाहिले आणि ज्यात एकदा माझे पाऊल घसरले, ते आपल्यासमोर ठेवावे, एवढाच आजचा हेतू आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. चित्रपटांत न्यायाधीशांसमोर पक्षकारांच्या नावाचा पुकारा करणारा जो गृहस्थ दिसतो, त्याला पुष्कळ लोक बेलिफ समजतात. परदेशी चित्रपटांत तर न्यायालयात शांतता राखणारा गणवेशधारी अधिकारी याच नावाने ओळखला जातो. आपल्याकडे पुकारा करणारा तो शिपाई किंवा पट्टेवाला. बेलिफाचे काम न्यायालयाच्या दाराबाहेर सुरू होते. दिवाणी न्यायालयात नाझर म्हणून एक अधिकारी असतो. त्याच्या कचेरीतून बेलिफाला समन्स, नोटिसा आणि वॉरंटे मिळतात. ती घेऊन त्याने गावोगाव जावयाचे, ज्याचे त्याला कागद द्यावयाचे, सही किंवा अंगठा घ्यावयाचा आणि काय घडले याचा अहवाल लिहून परत करावयाचा. फौजदारी समन्स बहुधा पोलीस बजावतात. आमचा संबंध मुख्यतः दिवाणी दाव्यांशी. दाव्याच्या आरंभी आम्ही प्रतिवादीला निरोप देतो आणि दाव्याच्या शेवटी, हुकूमनामा झाल्यावर धनकोने दरखास्त दाखल केली म्हणजे, जप्तीचे किंवा ताब्याचे वॉरंट घेऊन पुन्हा त्याच दारी जातो.

हे काम आजचे नाही. पेशवाईत सरकारातून एखाद्यास बोलावणे धाडले म्हणजे जो शिपाई जाई, त्याचा खर्च ज्याला बोलावले त्याच्याकडूनच वसूल करण्याची वहिवाट होती. त्या आकारणीला 'मसाला' म्हणत. स्वयंपाकघरातील हा साधा शब्द एके काळी ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा आणीत असे. आज हा खर्च दावा लावणाऱ्याने आधी न्यायालयात भरावयाचा असतो आणि बेलिफाने कोणाकडूनही एक पैसा घ्यावयाचा नसतो. हा फरक लहान दिसतो, पण तो मोठा आहे. ज्याच्या दारी कागद आला त्याने बेलिफाला चहा पाजलाच पाहिजे असे नाही. तशी अपेक्षा कोणी ठेवली तर ती चुकीची आहे.

कागद पोहोचला नाही म्हणजे काय होते, याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांचा उठाव झाला. तो पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. दख्खनचे दंगे म्हणून तो प्रसिद्ध आहे. लोकांचा रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, तर त्यांच्याजवळच्या कर्जरोख्यांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. ते मिळवावे आणि जाळावे, हा बहुतेक ठिकाणचा क्रम. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला. त्या चौकशीत जी दुखणी उघड झाली त्यांत एकतर्फी हुकूमनाम्यांचे दुखणे मोठे होते. दावा लागे, तारीख पडे, निकाल होई. शेतकरी न्यायालयासमोर आलेलाच नसे. १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. कर्जापायी शेतकऱ्याला अटक करण्यास त्याने प्रतिबंध केला, प्रतिवादीला समक्ष तपासण्यावर आणि व्यवहाराचा हिशेब मुळापासून पाहण्यावर भर दिला. सारांश, ज्याच्याविरुद्ध निकाल द्यावयाचा त्याचे म्हणणे आधी ऐकावे, हे साधे तत्त्व राखले न गेल्यामुळे या मुलखात केवढा वणवा पेटला होता, हे आपण ध्यानी ठेवले पाहिजे. त्या तत्त्वाच्या पहिल्या पायरीवर बेलिफ उभा असतो.

आज जो कायदा चालतो तो १९०८ चा दिवाणी प्रक्रिया संहितेचा. त्यात समन्स कसे बजावावे याचे तपशील बारकाईने दिले आहेत. कागद शक्यतो ज्याचा त्याच्या हाती द्यावा. तो घरी नसेल आणि वाजवी वेळात भेटण्याचा संभव नसेल, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातील प्रौढ माणसाजवळ देता येतो. मूळच्या संहितेत येथे 'प्रौढ पुरुष' असे शब्द होते. १९७६ च्या दुरुस्तीने 'स्त्री असो वा पुरुष' असे झाले. घरातल्या बाईच्या हाती दिलेला कागद हा घराला दिलेला कागद आहे, हे कायद्याच्या पुस्तकात यावयास जवळजवळ सात दशके लागली. घरगडी मात्र कुटुंबीय नव्हे. त्याच्याजवळ कागद ठेवून जाता येत नाही. कोणी घेण्यास नकार दिला, किंवा पुष्कळ प्रयत्न करूनही माणूस सापडला नाही, तर घराच्या दर्शनी दारावर प्रत चिकटवावी आणि अहवाल लिहावा. केव्हा चिकटवली, कोणत्या परिस्थितीत चिकटवली, घर कोणी दाखवले, कोण साक्षीला होते, हे सर्व त्यात आले पाहिजे. हा अहवाल शपथेवर असतो. चार ओळींचा तो मजकूर, परंतु पुढील सगळा दावा त्या चार ओळींवर उभा राहतो.

आता माझ्या चुकीकडे वळतो. ती मी आजवर एवढ्या मोठ्या सभेत सांगितलेली नाही.

१९८७ च्या पावसाळ्यातली गोष्ट. एका तालुका न्यायालयात मी काम करीत होतो. पिशवीत त्या दिवशी चौदा समन्स होती. त्यांतले एक ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या एका विधवा बाईच्या नावे होते. दावा राहत्या घराच्या ताब्याचा. ओढ्याला पाणी आले होते. अलीकडे चहाच्या टपरीवर वादीचा माणूस भेटला. तो म्हणाला, "भाऊसाहेब, कालच मी तिकडे गेलो होतो. म्हातारी कागद घेतच नाही म्हणते. उगीच कशाला भिजता? लिहून टाका." मी ओढ्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि लिहिले, "प्रतिवादी यांनी समन्स घेण्यास नकार दिला, सबब दारास चिकटवून बजावणी केली." टपरीवर बसलेल्या दोघांच्या पंच म्हणून सह्या घेतल्या. मी कोणाकडून पैसा घेतला नव्हता. त्यामुळे आपण काही वाईट केले असे त्या दिवशी मला वाटलेही नाही. कंटाळा हा लाचेचाच धाकटा भाऊ आहे, हे मला पुढे कळले.

तारखेला बाई आल्या नाहीत. त्या येणार तरी कशा? दावा एकतर्फी चालला, हुकूमनामा झाला, दरखास्त झाली, आणि १९८९ च्या उन्हाळ्यात ताब्याचे वॉरंट नाझरांनी माझ्याच हाती ठेवले, कारण तो भाग माझ्याकडे होता. या खेपेस ओढा कोरडा होता. वाडीत गेलो. सारवलेले अंगण, दोन खणांचे घर, दारात तुळस. बाई जोंधळे निवडीत बसल्या होत्या. मी वॉरंट वाचून दाखवले. त्यांनी सूप खाली ठेवले आणि विचारले, "दादा, मला आधी कोणी काही सांगितलं का नाही? नुसता घर सोड म्हणायलाच आलास व्हय?"

माझ्याबरोबर वादीचा माणूस होता, पंच होते, कुलूप फोडण्याचे साहित्य होते. कागदोपत्री सर्व ठाकठीक होते. त्या घटकेस त्या अंगणात एकट्या मला ठाऊक होते की हा सारा डोलारा एका खोट्या ओळीवर उभा आहे. मी बाईंना म्हटले, "मावशी, आज मी ताबा घेत नाही. तुम्ही उद्या सकाळी तालुक्याला या." वादीचा माणूस संतापला, त्याचा संताप कायद्याच्या दृष्टीने वावगा नव्हता. मी वॉरंट न बजावता परत केले आणि अहवालात लिहिले की, समन्सची पूर्वीची बजावणी मी स्वतः प्रतिवादीच्या घरी न जाता केलेली असून तो अहवाल खोटा आहे.

त्या रात्री घरी काय झाले ते सांगण्यासारखे नाही. दोन लहान मुले, भाड्याची खोली, आणि नोकरी जाण्याची भीती. पत्नी एवढेच म्हणाली, "लिहिले ते खरे आहे ना? मग झोपा."

बाईंच्या वतीने तालुक्याच्या एका वकिलांनी फी न घेता अर्ज दिला. समन्स रीतसर बजावले गेले नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून ३० दिवसांच्या आत एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. मला साक्षीसाठी उभे केले. ज्या पिंजऱ्यात उभ्या राहणाऱ्यांना मी वर्षानुवर्षे निरोप पोहोचवले, त्याच पिंजऱ्यात मी उलटतपासणीला तोंड दिले. हुकूमनामा रद्द झाला. माझ्यावर खात्याची कारवाई झाली, वेतनवाढी रोखल्या गेल्या आणि वरिष्ठांनी जी शब्दांची शिक्षा केली ती त्याहून अधिक लागली. ती योग्यच होती. दावा पुन्हा पहिल्यापासून चालला. आपणांस वाटेल, बाई जिंकल्या असतील. तसे झाले नाही. कागदपत्रे त्यांच्या बाजूची नव्हती. अखेर तडजोड झाली. एक खण त्यांच्याकडे हयातीपर्यंत राहिला, दुसरा गेला. त्यानंतर बाजारात त्या मला भेटल्या. मी मान खाली घालून उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "हरले ते हरले, पण न्यायाधीशानं माझं ऐकून घेतलं. आता झोप लागते."

बंधुभगिनींनो, या एका वाक्यात मला माझ्या नोकरीचा अर्थ सापडला. न्याय म्हणजे आपल्यासारखा निकाल नव्हे. निकालापूर्वी आपल्याला बोलावले जाणे आणि आपले म्हणणे ऐकले जाणे, हा न्यायाचा पहिला घास आहे. तो घास पोहोचवणारा हात आमचा. त्यानंतरच्या सत्तावीस वर्षांत मी न गेलेल्या दारी गेलो असे कधी लिहिले नाही.

जप्तीविषयी थोडे सांगतो, कारण त्याची धास्ती सर्वांत अधिक असते. घरातले वाटेल ते उचलण्याचा अधिकार बेलिफाला नाही. संहितेच्या ६० व्या कलमाप्रमाणे ऋणकोचे, त्याच्या पत्नीचे आणि मुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळा करू नये असा दागिना जप्त होत नाही. कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, त्याच्या उपजीविकेला लागणारी जनावरे आणि बियाणे यांनाही हात लावता येत नाही. जंगम मालाच्या जप्तीसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. एका शिंपीबंधूंच्या घरी धनकोचा प्रतिनिधी शिवणयंत्राकडे बोट दाखवून मागे लागला होता. मी त्याला म्हटले, "अहो, हेच नेले तर तुमचे उरलेले पैसे हे फेडणार कशाने?" दुसऱ्या एका घरी गृहिणीने रागाने मंगळसूत्र काढून माझ्यापुढे ठेवले. ते मी तसेच परत घालावयास लावले आणि पंचनाम्यात त्याचा उल्लेखही केला नाही. कायद्याला दया नसते असे म्हणतात. हे कलम लिहिणाऱ्यांनी ऋणकोची चूल तरी पेटती ठेवली आहे.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझे भाषण ऋणकोच्या वकिलाचे होईल. ज्याने वर्षानुवर्षे खपून हुकूमनामा मिळवला, त्याच्या हाती तो कागदच राहिला तर त्याचा विश्वास कशावर राहावा? १८७२ साली प्रिव्ही कौन्सिलने म्हटले होते की हिंदुस्थानातील पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात. दीडशे वर्षांनंतरही ते बोल जुने झालेले नाहीत. दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकालात काढावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले. तथापि २०२५ साली त्याच न्यायालयापुढे जी माहिती आली तीत देशभरात आठ लाखांहून अधिक दरखास्ती पडून असल्याचे दिसले, आणि त्यांतला मोठा वाटा आपल्या महाराष्ट्राचा. याला अनेक कारणे आहेत. परंतु दार लावून घेणारे, पत्ता चुकवणारे आणि मुद्दाम तिसऱ्याच माणसाला हरकतीस उभे करणारे आपल्यासारखेच कुटुंबवत्सल लोक असतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता ज्या भूमीत आपण जमलो आहोत तिच्याकडे वळतो. हिंजवडी ही मुळशी तालुक्यातील, म्हातोबाच्या बगाडासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध असलेली गावठाणाची वस्ती. चैत्र पौर्णिमेला बगाड हिंजवडीहून वाकडला जाते आणि त्या दिवशी मुंबईला असलेला चाकरमान्याही घरी सापडतो. बेलिफाच्या दृष्टीने याहून सोयीचा दिवस नाही. सणाच्या दिवशी समन्स बजावू नये असे कायद्यातही नाही. तरी यात्रेच्या दिवशी मी या गावात पिशवी आणली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र आलो, मंडळी परत जाण्याच्या आत. पूर्वी गावात शिरले की कोतवाल किंवा पोलीसपाटील बरोबर येई. कोणाचे घर कोठले, कोण कोणाचा कोण, हे विचारावे लागत नसे.

गेल्या शतकाच्या अखेरीस येथे औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारले. हिंजवडी, माण, मारुंजी येथील भाताची खाचरे आणि माळ यांना भाव आला. तेव्हापासून या भागातली माझी पिशवी जड होत गेली. पूर्वी बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून आणि येण्याजाण्याच्या वाटेवरून दावे होत. आता वाटपाचे, करारपूर्तीचे, मनाई हुकुमाचे दावे आले. एकाच अंगणात राहणाऱ्या चार भावांना चार समन्स देण्यासाठी मी चार वेगळ्या दारांनी गेलो आहे, कारण मधली भिंत गेल्याच महिन्यात घातलेली असे. शेतजमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा झाला तरी प्रत्यक्ष सरसनिरस वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हावयाचे असते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. बेलिफ येऊन बांध घालून देईल अशी त्यांची कल्पना असते.

या दाव्यांत मला सर्वांत क्लेश झाला तो बहिणींच्या समन्सांचा. महाराष्ट्रात १९९४ च्या आणि पुढे देशभर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हक्क आला. २००५ साली वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तरी दाव्यात बहिणीचा पत्ता माहेरचाच लिहिलेला असतो. बेलिफ दारी येतो. भाऊ म्हणतो, "द्या इकडे, मी तिला पोहोचवतो." बहीण नांदते सासवडला किंवा नाशिकला, ती भावाबरोबर राहत नाही, म्हणून भावाने घेतलेला तिचा कागद कायद्याने पोहोचलेला नसतो. पण एखादा बेलिफ आळस करतो, भाऊ सही करतो आणि कागद कडीपाटावर जातो. ओढ्याकाठी मी जे केले तेच येथे सख्खा भाऊ करतो, आणि त्याला घड्याळाची घाईही नसते. राखी बांधून घेणाऱ्या हाताने बहिणीचे समन्स दडवू नये, एवढे या व्यासपीठावरून मागण्याचा मला अधिकार आहे असे मी समजतो. हक्क सोडावयाचा की घ्यावयाचा, हे तिने ठरवावे. पण ठरवण्याची वेळ आली आहे हे तिला कळले तर पाहिजे.

नव्या हिंजवडीचा अनुभव आणखी वेगळा. वीस मजल्यांची इमारत, फाटकावर रखवालदार, वहीत नाव, दूरध्वनीवरून परवानगी. वरून उत्तर येते, "साहेब घरी नाहीत." रखवालदार म्हणतो, "माझ्याकडे ठेवा." मी म्हणतो, "बाबा रे, तू त्यांच्या कुटुंबातला नाहीस." शेजारच्या दाराची घंटा वाजवावी तर शेजाऱ्याला शेजाऱ्याचे नाव माहीत नसते, पंच होण्यास तर कोणीच तयार नसतो. ओढ्यापलीकडची वाडी मला एके काळी दूर वाटली होती. हा सतरावा मजला तिच्याहून दूर निघाला.

आमच्यानंतरच्या पिढीच्या हाती नवी साधने आली आहेत. बेलिफाने कागद कोठे आणि केव्हा बजावला याची नोंद त्याच्या भ्रमणध्वनीतून थेट न्यायालयात जाईल अशी योजना झाली आहे. करोनाच्या साथीत, जुलै २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ई-मेल आणि व्हॉट्सॲपवरून समन्स धाडण्यास मुभा दिली. त्याआधी २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका दरखास्तीत व्हॉट्सॲपवरच्या दोन निळ्या खुणा नोटीस मिळाल्याचा पुरावा म्हणून मानल्या होत्या. हे चांगलेच झाले. टपरीवर बसून ओढा ओलांडल्याचे लिहिणे आता सोपे राहिलेले नाही. पण ज्या म्हातारीला वाचता येत नाही, तिच्या नातवाच्या यंत्रावर उमटलेली निळी खूण तिला काय सांगणार? तेथे कोणीतरी बसून, कागद वाचून, तारीख समजावून सांगितली पाहिजे. ते काम यंत्राचे नाही. घरच्यांचे आहे आणि शेजाऱ्यांचे आहे.

म्हणून जाता जाता सभासद कुटुंबांना चार विनंत्या करतो.

पहिली, कागद घ्या. समन्स घेतल्याने गुन्हा कबूल होत नाही, कर्ज मान्य होत नाही. नाकारल्याने दावा थांबत नाही. तो तुमच्यावाचून पुढे जातो, एवढेच.

दुसरी, सही करण्यापूर्वी न्यायालयाचे नाव आणि तारीख पाहा, सोबत दाव्याची प्रत आहे ना ते पाहा. कैफियत देण्यास साधारणपणे ३० दिवस असतात. न्यायालयाच्या परवानगीने ते ९० पर्यंत वाढू शकतात. हे दिवस देव्हाऱ्यामागे कागद ठेवण्यात घालवू नका.

तिसरी, पैसा नाही म्हणून घरी बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना त्यांचे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. अन्य दुर्बल घटकांनाही तो हक्क आहे. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात त्यासाठी कचेरी आहे. तडजोड व्हावयाची असेल तर लोक-अदालतीत करा, म्हणजे ती कागदावर येते, तिला हुकूमनाम्याचे बळ राहते आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते. ओसरीवरची तोंडी तडजोड पुढच्या पिढीत नवा दावा होऊन उगवते.

चौथी विनंती आपल्या तरुणांना. आपल्या मुलांनी न्यायाधीश व्हावे, वकील व्हावे. मला आनंदच आहे. पण कोणी बेलिफ झाला तर त्याला स्थळ नाकारू नका. आणि जो होईल त्याने एवढे ध्यानी ठेवावे की न्यायाधीशांना ती वाडी दिसत नाही, तो ओढा दिसत नाही, ती बाई दिसत नाही. त्यांना फक्त तुझ्या चार ओळी दिसतात.

ऐकून घेतले जाणे म्हणजे काय, हे मी एका वृद्ध मावशींकडून शिकलो. आज ते आपल्याकडून अनुभवले.